घरची कुत्री व मांजर : शस्त्रक्रिया कोणाची, केव्हा?

भाद्रपद लागला की गावोगावी कुत्र्यांच्या झुंडी फिरू लागतात, ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिची म्हणण्याजोगी दखल कोणी घेत नाही. दोन महिने लोटतात. कार्तिकात गोठ्याच्या आडोशाला किंवा कडब्याच्या गंजीखाली घरची कुत्री विते. पाच-सहा पिल्ले होतात. त्यांतील एखादा धष्टपुष्ट नर शेजारी मागून नेतो, दुसरा मळ्यावरच्या सालदाराला दिला जातो. मादी पिल्ले मात्र सहसा कोणी नेत नाही. पौषाच्या थंडीत ती अंगणभर धावू लागली आणि भाकरीचा वाटा मागू लागली, म्हणजे घरात त्यांची अडचण होऊ लागते. मग एके दिवशी ती पिशवीत घातली जातात आणि आठवडी बाजारात, हमरस्त्यावरील ढाब्यापाशी किंवा देवळाच्या पायरीशी सोडली जातात. सोडणारा मनाचा दुष्ट असतो असे नव्हे. पिल्ले मारणे त्याला पाप वाटते, म्हणून तो ती सोडून देतो. जो प्रश्न आषाढात एका दिवसात सुटला असता, तो पौषात असा सोडवावा लागतो.

सोडलेली पिल्ले पुढे कोठे जातात, हे पाहावयाचे तर नागपूरच्या सीताबर्डीसारख्या पेठेत पाहावे. काटोल, हिंगणा, उमरेड, कामठी या बाजूंनी शहरात येणारा माणूस खरेदीसाठी एकदा तरी बर्डीवर जातोच. दोन टेकड्यांवरील किल्ला, त्याच्या पायथ्याची गजबजलेली मुख्य वाट, फेरीवाले, खाण्याच्या गाड्या आणि त्यांच्या आसऱ्याने जगणारी कुत्री-मांजरे हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. शितलाप्रसाद व बद्रीप्रसाद या दोघा गवळी बंधूंच्या नावांवरून टेकडीला हे नाव पडले, असे सांगितले जाते. जनावरे पाळणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जागी आज धनी नसलेली जनावरे उकिरड्यावर पोट भरतात. त्यांतील बहुतेकांचा जन्म रस्त्यावरच होतो हे खरे. परंतु घराघरांतून दरवर्षी येणारी नवी भर थांबली नाही, तर नगरसंस्थेने कितीही कुत्री पकडून त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या तरी ते काम फुटक्या हौदात पाणी भरण्यासारखे होते. कानाला खाच असलेले कुत्रे दिसले म्हणजे त्याची शस्त्रक्रिया झाली असे समजावे. त्याच गल्लीत बिनखाचेची एक धडधाकट कुत्री येऊन राहिली की दोन-तीन वर्षांत हिशेब पुन्हा पहिल्या ठिकाणी येतो.

रस्त्यावरील कुत्र्यांविषयीचे वाद न्यायालयांपर्यंत पोचले आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नागपुरातील मोकाट कुत्र्यांना उघड्यावर खाऊ घालण्यास मनाई केली, आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या काही भागास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक असे दोन आदेश झाले व त्यांची देशभर चर्चा झाली. या सर्व वादात एक मुद्दा बाजूस पडतो. घरी पाळलेल्या जनावराचे उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी वादास जागाच नाही. केंद्र शासनाच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी सांगितली आहे. हे नियम २००१ च्या जुन्या नियमांच्या जागी आले. गळ्यात पट्टा बांधला, भाकरी घातली, नाव ठेवले, म्हणजे ते जनावर आपले झाले. त्याच्या पोटी होणारी प्रजाही मग आपलीच समजली पाहिजे.

शेतकऱ्याला ही शस्त्रक्रिया नवी नाही. गोऱ्हा अंगाने भरला, मान व खांदा तयार झाला, म्हणजे तो खच्ची करून घ्यावयाचा आणि औताला लावावयाचा, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पूर्वी दगडाने किंवा लाकडाने ठेचण्याची अत्यंत क्रूर पद्धत होती. तिच्या जागी बर्डिझो चिमटा आला आणि जनावराचे हाल पुष्कळच कमी झाले. फार लहान वयात खच्ची केलेला गोऱ्हा पुढे हवा तसा भरत नाही आणि फार उशीर केला तर तो हाताबाहेर जातो, हे कोणाही जाणत्या कास्तकाराला सांगावे लागत नाही. थांबावे किती आणि करावे केव्हा, या दोन प्रश्नांचा मेळ तो बैलाच्या बाबतीत उत्तम घालतो. तोच माणूस कुत्र्याचा विषय निघाला की “निसर्गात ढवळाढवळ कशाला?” असे म्हणतो, याचे नवल वाटते. ज्या गोठ्यात बैलाचे खच्चीकरण हा व्यवहार समजला जातो, तेथे कुत्रीच्या शस्त्रक्रियेला पाप ठरविण्याचे कारण दिसत नाही. पापाचाच विचार करावयाचा तर सहा आठवड्यांची पिल्ले थंडीत रस्त्यावर सोडणे त्याहून मोठे पाप ठरेल.

शस्त्रक्रिया कोणाची करावी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांपुरते सरळ आहे : आधी मादीची. गावातील दहा नरांपैकी नऊ खच्ची केले तरी उरलेला एक नर सर्व माद्यांना पुरतो आणि गावातील प्रजा होती तशीच वाढत राहते. उलट, एका मादीची शस्त्रक्रिया झाली की तिच्या पोटची पुढील सर्व वेते निश्चित टळतात. पैसा, वेळ व गाडीची सोय यांची ओढाताण असेल, तर घरच्या नराआधी मादीला न्यावे.

नराची शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. माजावरील कुत्रीच्या वासाने घर सोडून दोन-दोन गावे भटकणारा, मारामाऱ्या करून जखमा घेऊन येणारा, जागलीच्या रात्री नेमका नाहीसा होणारा नर अनेकांच्या परिचयाचा असेल. खच्चीकरणाने हे भटकणे बहुधा कमी होते. आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत समागमातून एकापासून दुसऱ्याला लागणारा गाठीचा रोग आपल्या देशात बराच आढळतो. जननेंद्रियावर कोबीच्या गड्ड्यासारखी लाल गाठ येते व रक्त टपकत राहते. लोक त्याला ‘उष्णता झाली’ असे म्हणून सोडून देतात. वास्तविक ती कर्करोगाची गाठ असते. पशुवैद्याने आठवड्याच्या अंतराने दिलेल्या इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. ज्या जनावराचा समागमच टळला, त्याला ती लागण्याचा संभव फार थोडा.

सर्वांनीच शस्त्रक्रिया करावी, असा आग्रह मात्र योग्य नव्हे. मराठवाड्याकडील कारवानी व पश्मी कुत्री जातिवंत राखणारी घरे आहेत. मेंढरांच्या कळपाबरोबर फिरणाऱ्या धनगरांकडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून तयार झालेली कुत्री असतात. खेड्यातही एखादी कुत्री राखणीत इतकी पक्की असते की तिचे पिल्लू मिळावे म्हणून चार घरे आधीच सांगून ठेवतात. अशा मादीचे एखादे वेत घेण्यात गैर काही नाही. अट इतकीच की, पिल्लांना घरे आधी ठरलेली असावीत आणि मादी पिल्लेही त्या हिशेबात धरलेली असावीत. वेत घ्यावयाचे नसलेल्या वर्षी तिला माजाचे सुमारे तीन आठवडे बंद खोलीत ठेवण्याची तयारी हवी. साखळीने ओट्याला बांधणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. बांधलेल्या कुत्रीपर्यंत गावचे नर सहज पोचतात. ज्याला एवढे जमणार नाही, त्याने शस्त्रक्रियेचाच मार्ग धरावा.

आता ‘केव्हा’ हा प्रश्न. कुत्री साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येते. आपल्याकडील गावठी कुत्र्यांची वीण बव्हंशी पावसाळ्याच्या उत्तरार्धातच होते आणि गर्भकाल सुमारे ६३ दिवसांचा असतो. म्हणून शेतकऱ्याला दिनदर्शिकेवरच हिशेब करता येतो. कार्तिकात जन्मलेली मादी वैशाखात सहा महिन्यांची होते आणि पुढील भाद्रपदात प्रथम माजावर येण्याचा संभव असतो. तेव्हा ज्येष्ठ-आषाढात, ती सात-आठ महिन्यांची असताना शस्त्रक्रिया उरकून घ्यावी. नागपूरकडे वैशाखातील ऊन ४५ अंशांपर्यंत आणि क्वचित त्यापुढेही जाते. त्या दिवसांत भुलीतून उठलेल्या जनावराला थंड जागा मिळणे कठीण, म्हणून मृगाच्या सरींनी हवा निवू द्यावी. पेरणीच्या घाईत एक दिवस मोडतो, ही अडचण खरी आहे. परंतु जखमेवर चिखल न लागू देणे हे पुढील पावसापेक्षा त्याच दिवसांत सोपे असते.

व्यालेल्या कुत्रीसाठी वेगळी वेळ पाहावी. पिल्ले दूध तुटून खाऊ लागल्यावर तिची कास सुकते. हा काळ साधारण माघाचा. माज नाही, गर्भ नाही, दूध नाही आणि हवाही थंड, असा सोयीचा काळ वर्षात दुसरा नाही. माजावर असलेल्या कुत्रीवर शस्त्रक्रिया शक्यतो करू नये, कारण त्या वेळी गर्भाशयाला रक्तपुरवठा जास्त असतो व रक्तस्रावाचा धोका वाढतो. माज गेल्यानंतर दोन-तीन महिने थांबणे बरे. मोठ्या वयाची, कधीही न व्यालेली कुत्री एकाएकी खाणे सोडून पुष्कळ पाणी पिऊ लागली, मागून पू येऊ लागला, तर मात्र पंचांग पाहू नये. गर्भाशयात पू झाल्याचे ते लक्षण असते. तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. वेळीच निर्बीजीकरण झालेल्या कुत्रीत हा विकार सहसा उद्भवत नाही.

पहिल्या माजापूर्वी करावी की नंतर, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते लपविण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला स्तनाच्या गाठींचा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीच्या मानाने, अवघा अर्धा टक्का उरतो असे दिसून आले. एका माजानंतर तो ८ टक्के व दोन माजांनंतर २६ टक्के होता. हे आकडे पुष्कळ वर्षे सर्वत्र सांगितले गेले. पुढे २०१२ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सर्व पुरावा पुन्हा तपासला तेव्हा तो वाटतो तितका भक्कम नाही, असा त्यांचा निर्णय झाला. दुसऱ्या बाजूस, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेने २०१३ साली एका मोठ्या जातीवर व २०२० साली पस्तीस जातींवर केलेल्या अभ्यासांत असे आढळले की, कित्येक मोठ्या जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, लहान जातींत तसे होत नाही. काही कुत्र्यांना शस्त्रक्रियेनंतर झोपेत मूत्र गळण्याचा त्रासही होतो. यातून खेड्यातील मालकाने घ्यावयाचा बोध असा : मध्यम बांध्याच्या गावठी मादीला भाद्रपदापूर्वी न्यावे, कारण तिच्या बाबतीत गाभण राहण्याचा धोका इतर सर्व धोक्यांहून मोठा आहे. शहरातून आणलेला अल्सेशियन किंवा तत्सम मोठा नर असेल, तर वर्ष-दीड वर्ष थांबण्यास हरकत नाही.

मांजरीला ही दिनदर्शिका लागू पडत नाही. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते, वर्षातून दोन-तीनदा विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. “अजून तीच पिल्लू आहे” असे घरची मंडळी म्हणत असतात आणि ती कणगीमागे विऊन मोकळी होते. म्हणून पाचवा महिना पुरा होण्यापूर्वीच तिची शस्त्रक्रिया करावी. बोक्याचीही त्याच सुमारास करणे चांगले. त्याचे भिंतीवर मुतणे व रात्रीची भांडणे पुष्कळ कमी होतात. शस्त्रक्रिया झाली की मांजर उंदीर धरीत नाही, ही समजूत चुकीची आहे. शिकार तिच्या स्वभावातच असते, ती बीजकोशांवर अवलंबून नसते. दूधभात पोटभर घातलेले मांजर आळसावते, पण त्याचा दोष पशुवैद्याकडे जात नाही.

कुत्र्याविषयीही हीच शंका घेतली जाते. राखण करण्याची वृत्ती, परक्यावर भुंकणे, मालकाची ओढ यांत शस्त्रक्रियेने सहसा फरक पडत नाही. जनावर थोडे स्थूल मात्र होते, तेवढ्यासाठी भाकरी जरा कमी करावी. आधीच भित्रा किंवा चावरा असलेला नर केवळ खच्ची केल्याने सुधारेल, अशी आशाही धरू नये. एक वेत झाल्याशिवाय कुत्री ‘पुरी’ होत नाही, या समजुतीला काहीही आधार नाही.

एक गैरसमज विशेष घातक आहे. शस्त्रक्रिया झालेले कुत्रे पिसाळत नाही, असे काही ठिकाणी मानले जाते. रेबीजचा आणि निर्बीजीकरणाचा तसा संबंध नाही. रेबीजपासून रक्षण होते ते केवळ लसीने. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी व पुढे पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे दरवर्षी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वा जनावर सहसा वाचत नाही. कुत्रे चावले तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हळद-चुना भरत बसू नये. गोव्यात २०१३ नंतर कुत्र्यांना घरोघरी, गल्लोगल्ली लस टोचण्याची मोठी मोहीम झाली आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथील यशाचा मुख्य आधार लस हाच होता. निर्बीजीकरणाचा उपयोग त्यापुढचा : पिल्लांची भर कमी झाली की लस न मिळालेली कुत्रीही कमी राहतात.

जंगलाकाठच्या गावांना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारातील ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्या संख्येने कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी होता. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूच्या गावांत पांदणीवर बेवारस पिल्लांची रेलचेल असणे म्हणजे बिबट्याला गावाच्या वेशीपर्यंत येण्याचे आमंत्रणच होय. हीच कुत्री टोळीने राहू लागली की हरणांच्या मागे लागतात आणि शेळ्यांची करडेही फाडतात.

शस्त्रक्रिया पदवीधर पशुवैद्याकडूनच करावी. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसल्यास नागपूर जिल्ह्यातील लोकांना सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यक महाविद्यालयाचा चिकित्सालय विभाग आहे. हे महाविद्यालय १९५८ साली सुरू झाले. बैलाचा चिमटा कुत्र्या-मांजरावर चालविणे, रबराचे कडे चढविणे किंवा दोऱ्याने बांधणे हे प्रकार अत्यंत क्रूर आहेत, आणि त्यांनी जनावर दगावते. नेण्यापूर्वी गोचिडांचा बंदोबस्त करावा. विदर्भात गोचीडतापाचे प्रमाण बरेच आहे, त्यात रक्त गोठण्याची शक्ती कमी होते, आणि अशा जनावरावर घाईने शस्त्रक्रिया केली तर रक्त थांबत नाही. अंगाला गोचीड होते, मधे ताप आला होता, नाकातून रक्त आले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. उपाशी किती वेळ ठेवावयाचे तेही त्यांना विचारावे. लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवणे बरे नव्हे.

घरी आणल्यावर दहा-बारा दिवस कोरड्या, स्वच्छ जागी ठेवावे. शेणाने नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर बसवू नये, तेथे स्वच्छ गोणपाट किंवा जुने लुगडे अंथरावे. जखम चाटू देऊ नये, त्यासाठी गळ्यात घालावयाची टोपी मिळते. आंघोळ नको, पळापळ नको. दुखते आहे म्हणून घरातील माणसाची तापाची गोळी देऊ नये. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही प्राणघातक ठरते. खच्ची केलेला नर काही आठवडे प्रजननक्षम राहू शकतो, तेव्हा महिनाभर त्याला माजावरील मादीपासून दूर ठेवावे.

ग्रामसेवकाने या कामात हात घातला तर ते पुष्कळ सोपे होते. एकेका घराने कुत्री घेऊन तालुक्याला जाणे अवघड, पण गावातील आठ-दहा घरांनी मिळून एक गाडी केली आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांशी आधी बोलून दिवस ठरविला, तर खर्च व कष्ट दोन्ही वाटले जातात. ज्येष्ठ लागताच ग्रामपंचायतीत एक साधी यादी करावी : घर कोणाचे, मादी किती महिन्यांची, व्यालेली आहे काय, लस कधी दिली. मांजरांसाठी त्याच वहीत निराळे पान ठेवून ते वर्षभर भरत राहावे, कारण त्यांची वीण भाद्रपदाची वाट पाहत नाही.